अन न्याखी तू अवाल्या?

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. डब्लिनमध्ये त्या दिवसांत साडेचारलाच अंधार पडतो आणि संध्याकाळ संपता संपत नाही. लेकीची शुक्रवारी आयरिशची टेस्ट होती, अकरा अनियमित क्रियापदं, सगळ्या काळांत. सहावीत आहे ती. मी एका हाताने कांदा परतत होते आणि दुसऱ्या हातात तिचा तो मळका झालेला कागद धरून प्रश्न विचारत होते, म्हणजे उच्चार चुकवत विचारत होते आणि ती दर वेळी आधी माझा उच्चार सुधारायची मग उत्तर द्यायची. ‘जाणे’ या क्रियापदावर आलो आणि ती म्हणाली, थांब आई, आता मी विचारते, तू उत्तर दे, म्हणजे माझं पक्कं होईल. आणि कागदावरचं वाक्य तिने मला विचारलं, ‘अन न्याखी तू अवाल्या?’ तू घरी गेलीस का? मी सहज ‘नाही’ म्हणाले. तर ती म्हणते, असं नाही चालत, आयरिशमध्ये हो आणि नाही असे शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं असतं. म्हण, ‘नी याखी मे’. मी गेले नाही.

मी म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा ‘ख’ नीट आला नव्हता.

तिच्या मनात काहीच नव्हतं. कागदावर जे वाक्य होतं ते तिने वाचलं, पुढचं क्रियापद विचारायला लागली, आणि माझा कांदा करपला. पण ते वाक्य त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस, बसमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, अंघोळ करताना माझ्या तोंडात येत राहिलं. अन न्याखी तू अवाल्या. त्यातला ‘तू’ तर आपलाच ‘तू’ आहे, अगदी दातांना जीभ लावून म्हणायचा, अर्थही तोच. कुठल्या तरी एकाच जुन्या घरातून निघालेल्या या भाषा, एक अटलांटिकच्या कडेला येऊन थांबली आणि एक आमच्या कोकणात, आणि मधल्या एवढ्या हजारो वर्षांत बाकी सगळं बदललं तरी समोरच्याला हाक मारायचा शब्द तेवढा दोघींनी जपून ठेवला. त्यामुळे असेल कदाचित, पण तो प्रश्न मला परक्या भाषेतला वाटलाच नाही. घरच्याच कुणीतरी विचारल्यासारखा वाटला.

या क्रियापदाची गंमत अशी की ते एका जागी ठरत नाही. ‘जा’ म्हणायचं तर ‘च्ये’. मी गेले म्हणायचं तर ‘खूइ मे’, आणि हा ‘खूइ’ लिहायला सात अक्षरं लागतात, सी-एच-यू-ए-आय-जी-एच, त्यातली निम्मी नुसती उभी असतात. पुढे जाईन म्हणायचं तर शाळेतला उच्चार जवळजवळ आपल्या ‘राखी’सारखा. ‘जाणं’ म्हणजे ‘दुल’. आणि खरी मेख भूतकाळात आहे. गेले असं सांगायचं असेल तर ‘खूइ’, पण गेलीस का असं विचारायचं असेल किंवा गेले नाही असं सांगायचं असेल तर तो शब्दच चालत नाही, तिथे ‘द्याखी’ नावाचा वेगळा शब्द येतो. तोही आहे तसा येत नाही. प्रश्नात त्याच्या ‘द’च्या आधी ‘न’ येऊन बसतो आणि ‘द’ कागदावर राहतो पण तोंडातून नाहीसा होतो, म्हणून ‘न्याखी’. नकारात तोच ‘द’ मऊ होऊन ‘य’ होतो, म्हणून ‘याखी’. एका अक्षराने दुसऱ्याला झाकण्याच्या या प्रकाराला आयरिशमध्ये ‘उरू’ म्हणतात आणि सूर्यग्रहणालाही तोच शब्द आहे. लेकीने हे मला सांगितलं तेव्हा मी कागद हातात घेऊन तो ‘द’ बघत बसले. अक्षराला लागलेलं ग्रहण, आणि कागदावर ते सगळ्यांना दिसतंय.

मराठीत आपण हेच करतो आणि आपल्या लक्षात येत नाही. ‘जा’ आणि ‘गेला’ यांचा एकमेकांशी संबंध काय? एकाचं मूळ संस्कृतातल्या ‘या’ धातूत, दुसऱ्याचं ‘गत’ मध्ये. दोन वेगळ्या कापडांचे तुकडे जोडून गोधडी करावी तसं हे क्रियापद शिवलेलं आहे. लेक चार वर्षांची असताना, म्हणजे 2017 मध्ये आम्ही इथे नुकतेच आलो होतो तेव्हा, ती म्हणायची ‘बाबा ऑफिसला जाला’. नियमाने तिचं बरोबरच होतं. आला, खाल्ला, प्याला, मग जाला का नाही? व्हिडिओ कॉलवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडून गोव्याच्या बाजूला सरकलं की ‘जालें’ म्हणजे ‘झालं’, त्यामुळे आप्पा घाबरून विचारायला लागले, ‘काय झाला? ऑफिसात काय झाला?’ मग कळल्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कितीतरी महिने फोन उचलला की पहिला प्रश्न तोच, ‘बाबा जालो काय ऑफिसाक?’ आता लेक तसं म्हणत नाही. कधी थांबली ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

ऑफिसमध्ये सुरुवातीला मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. इथली माणसं इंग्लिश बोलतात पण नुसतं ‘येस’ फार कमी म्हणतात. तू जेवलीस का विचारलं तर उत्तर ‘आय डिड’. पाऊस पडतोय का, ‘इट इज’. मला आधी वाटायचं हे जरा फटकळ आहेत, एवढं ठासून कशाला सांगायचं. मग लेकीच्या वहीतून उलगडा झाला की हे त्यांच्या जुन्या भाषेतून आलेलं वळण आहे, भाषा बहुतेकांच्या घरातून गेली पण उत्तर द्यायची पद्धत राहिली. 2022 च्या जनगणनेत शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे फक्त 71,968 निघाले. पण कुठल्याही आयरिश माणसाला झोपेतून उठवून विचारा, एक वाक्य त्याला येतंच, ‘अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस’, मला टॉयलेटला जायची परवानगी आहे का. माझ्या शेजारी बसणारी बाई दोन मुलांची आई आहे, शाळेत असताना आयरिशचा तिला राग यायचा, सगळं विसरले म्हणते, पण हे वाक्य तिने एका दमात म्हणून दाखवलं आणि म्हणून झाल्यावर तिचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला. त्या वाक्यातला ‘दुल’ म्हणजे तेच आपलं क्रियापद. सगळं विसरल्यावरही जाण्याची परवानगी मागता येते.

आपल्याकडेही कुठे सारखं ‘हो’ म्हणतात? जेवलीस? जेवले. आला? आला. आमच्या मालवणीत तर प्रश्न आणि उत्तर यांत एका अक्षराचाच फरक असतो, ‘गेलंस?’, ‘गेलंय’. पण आपल्याकडे निदान पळवाट आहे. ‘नाही’ म्हणून थांबता येतं. काय नाही, कुठे नाही, ते बोलावं लागत नाही. त्या संध्याकाळी लेकीने ती वाट बंद केली आणि मला पूर्ण क्रियापद तोंडातून काढावं लागलं.

आप्पा 2021 च्या मे महिन्यात गेले. दुसरी लाट होती. त्यांना ओरोसला ॲडमिट केलं होतं आणि आदल्या रात्री भावाशी बोलणं झालं तेव्हा गोव्याला न्यायचं चाललं होतं, बांबोळीला. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे सांगायला नको, जरा काही मोठं झालं की आमच्याकडे गाडी गोव्याच्या दिशेने वळते. मी रात्रभर फोन उशाशी घेऊन पडले होते आणि पहाटे डोळा लागला. इथल्या सहा वाजून दहा मिनिटांनी भावाचा मेसेज आला. दोनच शब्द होते, ‘आप्पा गेले’. मी उठून बसले आणि उत्तर टाइप केलं, ‘कधी निघाले? सोबत कोण आहे?’

त्या मेसेजला दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ काही आलं नाही. मग फोन वाजला.

तो मेसेज अजून आहे माझ्या फोनमध्ये. दोन फोन बदलले, बॅकअपमधून तो परत येतोच. मला भावावर कधीच राग आला नाही, त्याने दुसरं काय लिहायचं होतं? मराठीत दुसरं काय लिहितात? वारले म्हणणं त्याला त्या क्षणी जड गेलं असेल. गेले हाच आपला शब्द, बाजारात गेले, गोव्याला गेले, आणि नुसतंच गेले. कुठे ते न सांगता ‘गेले’ म्हटलं की आपण समजून घ्यायचं. मी समजून घेतलं नाही, कारण मला ते ‘गेले’ गोव्याकडे जाणारं हवं होतं. झाराप, सावंतवाडी, पत्रादेवीचा नाका, एवढा सगळा रस्ता मी त्या एका मिनिटात त्यांच्यासोबत गेले. ते एक मिनिट मला पुष्कळदा परत हवंसं वाटतं.

आयरिशमध्ये हा गोंधळ झाला नसता. मी खूप नंतर, या टेस्टच्या निमित्ताने, लेकीच्या टीचरला शाळेच्या फाटकापाशी विचारलं होतं, की माणूस वारला असं सांगताना ‘खूइ’ वापरतात का. त्या म्हणाल्या, नुसतं नाही, नुसतं ‘खूइ शे’ म्हटलं तर लोक विचारतील, कुठे गेला? मग ‘सत्याच्या वाटेवर’ असं जोडावं लागतं. ‘ता शे एर ह्ली न फीरिन्ये’, तो सत्याच्या वाटेवर आहे, म्हणजे तो आता या जगात नाही. त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, हातात पोरांच्या छत्र्या होत्या त्यांच्या, आणि मी थँक यू म्हणून बसस्टॉपवर आले आणि एक बस सोडून दिली.

‘श्ली’ म्हणजे वाट. हा शब्द मला आधीपासून माहीत होता, पण वेगळ्या ठिकाणी भेटला होता. एका उन्हाळ्यात आम्ही गॉलवेच्या पश्चिमेला, कोनेमाराच्या गेल्टाख्तमध्ये, म्हणजे जिथे अजून घराघरात आयरिश बोलतात त्या पट्ट्यात, तीन दिवस राहायला गेलो होतो. गॉलवे सोडून खाडीच्या कडेने पुढे गेलं की पाट्यांवरचं इंग्लिश हळूहळू नाहीसं होतं. दगडांच्या बुटक्या भिंती, त्यात कुठे चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड, आमच्याकडच्या गडग्यांसारख्या, फक्त जांभा नाही, करडा दगड. एका वळणावर तो लाल कडेचा त्रिकोण होता, बाकी देशात त्यावर इंग्लिशमध्ये ‘यील्ड’ असतं, इथे ‘ग्येल श्ली’. वाट द्या. नवरा गाडी चालवत होता, त्याने पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, बघ, ‘गेल’ लिहिलंय. आम्ही तिघं हसलो. पाऊस भुरभुरत होता आणि समोरून ट्रॅक्टर येत होता, आम्ही वाट दिली.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजीबाई लेकीशी आयरिशच बोलायच्या. लेक आधी लाजली, मग दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने हिंमत करून विचारलं, तुम्ही आज चर्चला जाणार का. तिने शाळेतला ‘राखी’ वापरला. आजीबाई म्हणाल्या, ‘गोफा’. लेक गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिथे त्या भागात ‘जाईन’ला वेगळंच क्रियापद वापरतात, शाळेच्या पुस्तकात पहिल्या जागी असतं ते नव्हे. 1958 मध्ये सरकारने प्रमाण आयरिश ठरवली, पण आजीबाईंच्या तोंडाला त्याचं काय. मला एकदम आमची शाळा आठवली, बाई फळ्यावर ‘मी जाईन’ लिहायच्या आणि आम्ही घरी येऊन ‘मी जातलंय’ म्हणायचो, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होतं. आजीबाईंनी लेकीच्या गालाला हात लावला आणि तिला समजेल असा ‘राखी’ परत म्हणून दाखवला. हात पिठाचा होता, गालावर उमटला. निघताना दारात उभं राहून म्हणाल्या, ‘स्लॉन अवाल्या’. सुखरूप घरी जा. त्यांना डब्लिन म्हणायचं होतं.

निरोपाच्या बाबतीत तिथलं आणि आपलं जमतं असं मला वाटतं. त्यांच्याकडे जाणाऱ्याला म्हणायचा निरोप वेगळा आणि मागे राहणाऱ्याला म्हणायचा वेगळा, म्हणजे दोघांपैकी कोण चाललंय हे शब्दातच येतं. आपण तर ‘जाते’ म्हणतच नाही. येते म्हणायचं. आप्पा यावर फार कडक होते. 2019 च्या डिसेंबरात आम्ही घरी होतो, तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर त्यांच्या वडिलांच्या गावाला, वराडला आले होते. वराड आमच्यापासून दुचाकीवर वीसेक मिनिटं. आप्पा गर्दीत उभे राहून बघून आले आणि आल्या आल्या अंगणातूनच ओरडले, ‘तुमचो पंतप्रधान आमच्या वराडात इलो!’ आयर्लंड आणि आपलं गाव यांच्यात आता थेट नातं आहे, सोयरीक झाल्यासारखं, असं ते सगळ्यांना सांगत होते. मी त्यांना शिकवलं की तिकडे पंतप्रधानाला ‘टीशख’ म्हणतात, ते दोन दिवस तो शब्द घोळवत होते. चार दिवसांनी आम्ही निघालो. दाबोळीचं विमान होतं, उशीर झाला होता, बॅगा, पोरीचं रडणं, आणि मी गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाले, ‘चला आप्पा, जाते.’ ते पायरीवरून म्हणाले, ‘जातंय नाय, येतंय म्हण.’ गाडी सुरू झाली होती. मी हात हलवला. म्हणाले की नाही ते मला आठवत नाही.

अंत्यसंस्काराला मी गेले नाही. ‘जाता आलं नाही’ असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे, विमानं जेमतेम चालू होती, परत येताना हॉटेल क्वारंटाइन, मी पोचेपर्यंत काही उरलंही नसतं. आणि तरी काही लोक गेले. माझ्या ओळखीतली एक बाई तीन विमानं बदलून गेली, चौथ्या दिवशी पोचली आणि आईजवळ बसली. त्यामुळे ‘जाता आलं नाही’ आणि ‘गेले नाही’ यांच्यामध्ये जी जागा आहे ना, त्या जागेत मी राहत होते. लेकीच्या कागदावर ‘जाता आलं नाही’ नव्हतं. फक्त गेलीस किंवा नाही गेलीस.

टेस्ट झाल्यावरही मी त्या दोन शब्दांच्या मागे लागले होते, की गेले आणि नाही गेले यांना वेगळे शब्द का असावेत. शोधता शोधता कळलं की ते वेगळे नाहीतच. बाराशे वर्षांपूर्वीच्या आयरिशमध्ये तो एकच शब्द होता, ‘दो-कुअद’ असा काहीसा, दोन भागांचा. नुसतं सांगताना आघात दुसऱ्या भागावर पडायचा, मग पुढचा ‘दो’ झिजत झिजत गळून गेला आणि ‘खूइ’ राहिला. पण आधी ‘नाही’ आलं किंवा प्रश्न आला की आघात पहिल्या भागावर सरकायचा, दोन्ही भाग एकमेकांत मिसळायचे, त्यातून ‘द्याखी’ झाला. म्हणजे ‘द’ जो दिसतो, ज्याला ग्रहण लागतं, तो मुळातला आहे. गेल्याच्या शब्दातून तो हरवला आणि न गेल्याच्या शब्दात टिकला. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. नवऱ्याला उठवून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार. चहा गार झाला होता. आयरिशमध्ये ‘गरम कर’लाही ‘च्ये’च म्हणतात, स्पेलिंगसुद्धा तेच, क्रियापद मात्र वेगळं, आणि ते सगळे नियम पाळतं. मी चहा गरम केला आणि उभ्यानेच प्यायले.

आईचा फोन रविवारी असतो. गेली काही वर्षं ती एकच प्रश्न शेवटी, अगदी ठेवता ठेवता विचारते, जणू आत्ताच आठवला, ‘मे महिन्यात येतलंस काय?’ आणि मी म्हणते ‘बघू गो’. सुट्ट्या, तिकिटं, पोरीची शाळा. मध्ये एकदा जाऊन आले, आठ दिवस, पण मे महिन्यात नाही. मे महिन्यात त्या घरी मी गेलेली नाही, आणि ते तिलाही माहीत आहे. परवाच्या रविवारीही तिने विचारलं. लेक माझ्या बाजूला बसून गृहपाठ करत होती, तिने मान वर केली नाही, फक्त पेन थांबलं. आईचा आवाज मागे पंख्याच्या घरघरीत मिसळला होता. मला ‘बघू’ म्हणायचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं.

‘येतलंय,’ मी म्हणाले.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मगे सोडे घेऊन ठेवतंय. पावसाआधी चांगले गावतत.’